घरात माणसं दोन आणि सामान दहा जणांचं

"मॅडम, घरात आम्ही दोघंच, सामान दहा जणांचं, आणि त्यातलं निम्मं घंटागाडीत जातं, यावरून रोज वाद." समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांकडून हे थोड्याफार फरकाने मी इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं आता लिहूनच टाकावं. कधी बायको नवऱ्याबद्दल सांगते, कधी सून सासूबद्दल, कधी एखादी बाई स्वतःबद्दलच रडवेली होऊन. इथे एका जोडप्याचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

काका नाशिकच्या अंबड भागातल्या एका कंपनीतून रिटायर झालेले, गंगापूर रोडला फ्लॅट, दोन्ही मुलं पुण्याला. काकूंचं म्हणणं, हे दर दोन दिवसांनी सुपरमार्केटला जातात, एकावर एक फ्री दिसलं की टाक ट्रॉलीत, चीजचं पाकीट आधीचं फोडलेलं नसतं तोवर दुसरं, रव्याला जाळी झाली तरी नवा रवा येतोच, आणि पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला म्हणून एकदा अख्खा वीस किलोचा क्रेट. "सूप केलं, चटणी केली, बिल्डिंगमध्ये वाटले, तरी नासलेच. घंटागाडीवाला पोरगा विचारतो, काकू घरी कार्यक्रम होता का!"

काकूंनी उपाय कमी केले नव्हते. ओरडून झालं, अबोला धरून झाला, शेवटी व्हॉट्सअपवर आकडे. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला साधारण 55 किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे, तो त्यांनी काकांना पाठवला. काकांचा रिप्लाय आला, "यात साली, देठं, हाडंपण धरलीयेत." आणि खरंच धरलेली असतात हो! मला हा माणूस तिथेच आवडला. आकडे दाखवून माणसाला फक्त लाज वाटते, आणि लाज वाटली की तो नासलेली भाजी गुपचूप पिशवीत बांधून खाली टाकून येतो, बाकी काही बदलत नाही.

पुढच्या भेटींमध्ये मी खरेदीचा विषयच काढला नाही, नोकरीचं विचारत राहिले.

"कंपनीत कुठल्या डिपार्टमेंटला होता काका?"

"परचेस. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"तिथे सगळ्यात जास्त टेन्शन कशाचं असायचं?"

"प्रॉडक्शनची लाईन थांबायचं. माल नाही म्हणून लाईन थांबली की साहेबाचा फोन थेट मला. रात्री दोनला पण आलेत."

"बरं, समजा उद्या सकाळी तुमच्याकडचे पोहे संपले, म्हणजे लाईन थांबली. पुढे काय?"

काका जरा चिडलेच. "पुढे काय म्हणजे, खाली दुकान आहे, आणेन."

"आणि दुकान बंद असलं तर?"

"तर उपमा खाऊ."

काकूंना हसू आलं, मी त्यांना हातानेच थांबवलं, कारण काकांचा चेहरा बदलला होता. बराच वेळ ते टेबलाकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "पण मॅडम, काहीच कमी पडणार नसेल तर घरात माझं काम काय?"

या एका प्रश्नासाठी मी इतके दिवस थांबले होते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारपद्धतीची, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली तीच, त्यामुळे माणूस काय करतो यापेक्षा ते करताना तो स्वतःला मनात काय सांगतो हे मी आधी शोधते. काका स्वतःला सांगत होते की घरात काही कमी पडलं तर मी कमी पडलो. हेच वाक्य वेगळ्या कपड्यांत सगळीकडे भेटतं. मुलाने डबा उघडला आणि खाऊ नसला तर मी कसली आई, असं एखादी म्हणते. सिन्नर-येवल्याकडच्या आज्या, ज्यांनी 1972 चा दुष्काळ आणि तेव्हा रेशनवर मिळालेली ती मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, खाल्लीये, त्यांना रिकामा डबा बघवतच नाही. या सगळ्यांना "कमी आणा" असं सांगणं म्हणजे तुमची गरज नाही असं सांगणं, मग ते ऐकतील कसे?

म्हणून काकांकडून काम काढून न घेता उलट वाढवलं. मी फक्त विचारलं, "कंपनीत डेड स्टॉक झाला, म्हणजे माल न वापरता पडून राहिला तर?" ते म्हणाले, "ऑडिटला जाब द्यायला लागायचा", आणि स्वतःच हसले. आता त्यांच्याकडे वही आहे, त्यात काय फेकलं आणि किती रुपयांचं एवढंच लिहायचं, कोणामुळे ते नाही. जुना माल पुढे, नवा मागे. काकूंना सांगितलं की वहीवरून टोमणा मारायचा नाही, हे त्यांना जास्त जड गेलं.

तुमच्याकडे असं असेल तर निघताना आधी फ्रिज उघडून बघा, मग यादी. ट्रॉलीऐवजी हातातली बास्केट, जड झाली की आपोआप थांबता. पालेभाजी दोन दिवसांपुरतीच, कोथिंबीर निवडून कोरड्या कागदात, कांदे-बटाटे वेगवेगळे. पाकिटावर बेस्ट बिफोर असेल तर त्या तारखेनंतर चव, दर्जा उतरायला लागतो, लगेच विष होत नाही, पण एक्स्पायरी किंवा यूज बाय उलटलं तर खायचं नाही. आणि ते एकसारखे प्लास्टिकचे डबे मागवून फ्रिज लावायचे व्हिडिओ बघू नका, ती अजून एक खरेदी.

एक मात्र वेगळं धरा. घरातलं वयस्कर माणूस तीच वस्तू पुन्हा पुन्हा आणत असेल आणि कालच आणलेली आठवत नसेल, तर भांडू नका, डॉक्टरकडून स्मरणशक्ती तपासून घ्या. आणि कोणाची खरेदी एकदम वाढली, सोबत झोप कमी, बोलणं जास्त, पैशाचं भान नाही असं दिसलं तर माझ्यासारखीकडे येण्याआधी सायकियाट्रिस्टला दाखवा.