जुन्या लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह बंद आहे आणि यूएसबीवरून तो बूट होत नाही. लिनक्स कसं टाकता येईल?

ड्राइव्हच्या मागे न लागता सरळ हार्ड डिस्क बाहेर काढा, असं मी सांगेन. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये खालच्या झाकणाचे दोन-चार स्क्रू काढले की ती हातात येते. डिस्कचं कनेक्शन साटा असेल तर साटा-यूएसबीची साधी केबल पुरते, जुनं ४४ पिनांचं आयडीई असेल तर त्याचा अडॅप्टर वेगळा. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची, त्यातला डेटा आधी काढून घ्यायचा, तिथेच इन्स्टॉल करायचं आणि ती परत बसवायची. विंडोज असं हलवलं की बऱ्याचदा रुसतं. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासोबतच) येतात आणि हार्डवेअर दर बूटला नव्याने ओळखलं जातं, म्हणून हे जमतं.

अडतं ते बूटलोडरवर, म्हणजे मशीन चालू होताच सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर. दुसरा कॉम्प्युटर नवा असेल तर इन्स्टॉलर यूईएफआय मोडमध्ये (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीने) सुरू होतो आणि त्याच पद्धतीचा ग्रब हा बूटलोडर टाकतो. तो तुमच्या जुन्या बायोसच्या काही कामाचा नाही. इन्स्टॉलर लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या मोडमध्येच सुरू करा आणि पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद) एमबीआर या जुन्या प्रकारचं ठेवा. मी तर त्या कॉम्प्युटरची स्वतःची डिस्कही तेवढ्यापुरती काढून ठेवतो. चुकून ग्रब तिच्यावर गेला तर दोन्ही मशीन अडून बसायची!

प्रोसेसर ३२-बिट आहे का, तेही आधी बघा. उबुंटू या लिनक्सने ३२-बिट डेस्कटॉप आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) २०१७ मध्येच बंद केली, आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीला ३२-बिट इन्स्टॉलर नाही, त्यामुळे डेबियन १२ घ्या. यात एक छुपी गोची आहे. सुरुवातीचे काही पेंटियम-एम प्रोसेसर पीएई (३२-बिट प्रोसेसरला जास्त रॅम वापरू देणारी सोय) आहे असं सांगतच नाहीत. इन्स्टॉलर मात्र ज्या मशीनवर चालतोय ते बघून पीएईवाला कर्नल टाकतो. अशा वेळी डिस्क परत बसवण्याआधी साधा, पीएई नसलेला ६८६ कर्नल हाताने टाकून घ्या.

लॅपटॉप उघडायचा नसेल आणि बायोसमध्ये नेटवर्क बूट (नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनमधून सुरू होणं) दिसत असेल, तर दुसऱ्या लिनक्स मशीनवर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर लावा आणि डेबियनच्या नेटबूट फाइल (नेटवरून चालणारा इन्स्टॉलर) त्याच्या टीएफटीपी फोल्डरमध्ये, म्हणजे तो जिथून फाइल पाठवतो तिथे ठेवा. राउटरचा डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सोय) चालू असेल तर डीएनएसमास्क प्रॉक्सी मोडमध्ये चालवा, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. लॅपटॉपला इथरनेटची वायर लागेलच, वायफायवर हे विसरा.

आणि लॅपटॉपवर अजून विंडोज एक्सपी चालत असेल तर एवढंही नको. ग्रब-फॉर-डॉस या बूटलोडरची फाइल सी ड्राइव्हमध्ये टाका, बूट डॉट आयएनआय या एक्सपीच्या बूट मेनूच्या फाइलमध्ये तिची एक ओळ वाढवा आणि तिथून नेटबूटचा कर्नल व इनिटआरडी (कर्नलसोबत रॅममध्ये जाणारी फाइल) सुरू करा. हा इन्स्टॉलर पूर्ण रॅममध्ये चालतो, त्यामुळे ज्या डिस्कवरून सुरू झाला तीच पुसली तरी त्याला फरक पडत नाही. पॅकेजेस मात्र सगळी नेटवरून येतात. पार्टिशन पुसल्यावर नेट गेलं तर हातात ना एक्सपी ना लिनक्स, तेव्हा इथेही वायरच जोडा.