फायनलची जर्सी घ्यायची, पण कोणत्या पैशातून?

प्रश्न : मी ४३ वर्षांची, नेरूळला राहते. घरात कमावती एकटीच. हातात १,१८,००० पगार येतो. घराचा हप्ता ३८,५००, घरखर्च ५२,०००, एसआयपी १५,०००. अडीअडचणीसाठी २,८०,००० ची एफडी आहे. दिवाळीला साधारण ९०,००० बोनस मिळतो. २ नोव्हेंबर २०२५ ची महिला विश्वचषकाची फायनल मी आणि माझ्या १३ वर्षांच्या लेकीने डी. वाय. पाटीलच्या स्टँडमध्ये बसून पाहिली. ती स्वतः लेदर बॉलवर खेळते, त्या रात्री तिने वहीत सगळं स्कोरिंग केलं. आता ठाण्यातला एक विक्रेता त्या फायनलमध्ये भारतीय खेळाडूने घातलेली, सही केलेली जर्सी ४,२५,००० ला देतोय. अडीच लाख एफडीतून काढायचे आणि पावणेदोन लाख कार्डावर १२ हप्त्यांत, १६ टक्क्यांनी, असं डोक्यात आहे. ‘असल्या वस्तूंचे भाव पडत नसतात,’ असं तो म्हणतो. रविवारपर्यंत सांगायचंय. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. निदान या पैशातून नको. आणि विक्रेत्याने पुरावा दाखवेपर्यंत तर कुठल्याच पैशातून नको.

आधी तुमचेच आकडे मांडू. हप्ता, घरखर्च आणि एसआयपी गेल्यावर महिन्याला १२,५०० उरतात. पावणेदोन लाखांचा १६ टक्क्यांनी १२ महिन्यांचा हप्ता बसतो साधारण १५,९००. म्हणजे पहिल्याच महिन्यात ३,४०० कमी पडणार आणि एसआयपीला हात लागणार. वर्षभरात व्याज १५,५०० च्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २,८००, शिवाय कार्डवाल्यांची प्रोसेसिंग फी वेगळी. एफडी मुदतीआधी मोडली की बँक व्याजात थोडी कपात करते, ती किरकोळ आहे. खरी चिंता मागे काय उरतं त्याची. घरखर्च आणि हप्ता मिळून तुम्हाला महिना ९०,५०० लागतात. कमावतं माणूस एकच असताना सहा महिन्यांची सोय हवी, म्हणजे ५,४३,०००. तुमच्याकडे आज जेमतेम तीन महिन्यांची आहे. अडीच लाख काढल्यावर उरतील ३०,०००, म्हणजे दहा दिवसांचा खर्च.

आता ‘भाव पडत नसतात’ याकडे. सव्वाचार लाख सात टक्क्यांनी आठ वर्षं ठेवले, म्हणजे लेक एकवीसची होईपर्यंत, तर सुमारे ७,३०,००० होतात. तेवढीच रक्कम जर्सी विकून हातात यायची असेल आणि मधल्या माणसाचं किंवा लिलावाचं कमिशन २० टक्के धरलं, तर ती नऊ लाख तेरा हजारांच्या आसपास विकली जायला हवी. दरवर्षी १० टक्क्यांनी भाव चढला, तरच ती साध्या ठेवीची बरोबरी करेल. फ्रेम, विमा, देखभाल यात धरलेलीच नाही. ठेवीच्या व्याजावर कर आहे हे खरं, पण जर्सीही करातून सुटेलच असं नाही. अंगावरचे कपडे, घरातलं सामान अशा वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर भांडवली नफा धरत नाहीत. मात्र कुणी वापरलेली जर्सी काचेआड लावून पुढे नफ्यात विकली, तर ती ‘वापराची’ होती हे अधिकाऱ्याला पटवणं अवघड जाईल. तेव्हा २४ महिन्यांनंतरच्या विक्रीवर साडेबारा टक्के कर धरूनच चाला.

विक्रेते मोठ्या लिलावांची उदाहरणं तोंडावर फेकतात, ती नीट वाचायला हवीत. धोनीची २०११ च्या फायनलमधली बॅट त्याच वर्षी लंडनमध्ये एक लाख पौंडांना गेली, पण तो लिलाव धर्मादाय कामासाठी होता. शेन वॉर्नची बॅगी ग्रीन, म्हणजे ऑस्ट्रेलियाची कसोटी टोपी, जानेवारी २०२० मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली, तीही वणव्यातल्या लोकांच्या मदतीसाठी, आणि घेणारी एक बँक होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुद्द ब्रॅडमनची १९२८ ची पहिली टोपी साडेचार लाख डॉलरला गेली. टोपीचा भाव म्हणून पाहिलं तर हा हिशेब उलटा वाटतो. वॉर्नच्या आकड्यात देणगीही होती हे लक्षात घेतलं की कोडं सुटतं. असे आकडे बाजारभाव म्हणून धरायचे नसतात.

आता भावनेकडे, कारण पत्रात तुम्ही खरं तिच्याबद्दलच विचारलंय. अशा वस्तूची किंमत तीन गोष्टींची बनते. एक, घालणारी कोण. दोन, सामना कोणता. तीन, तुमचं त्या सामन्याशी नातं. पहिल्या दोन गोष्टींचे पैसे बाजार देतो. तिसरीचे तुमच्याशिवाय कुणी देणार नाही. पावसाने लांबलेला तो सामना पाचला सुरू झाला, भारताची २९८ ची धावसंख्या लागली, दक्षिण आफ्रिकेची वोलवार्ट शतक होईपर्यंत हटेना, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीतने झेल घेतला तेव्हा तुम्ही दोघी तिथे होतात. जर्सी घेताना तुम्ही हे सगळं त्या सव्वाचार लाखांत मोजताय. उद्या विकायला काढली तर त्यातला हा भाग शून्याला जाईल, कारण घेणारा त्या रात्री दुसरीकडे होता.

भावनेसाठी पैसे घालवणं चूक, असं माझं म्हणणं नाही. हौसेला मोल असतं आणि ते द्यावं. फक्त तो खर्च आहे, हे घेताना मान्य असावं आणि तो हौसेच्या पैशातून व्हावा. एफडी हा तुमच्या नोकरीचा आणि आजारपणाचा पैसा आहे.

विक्रेत्याकडे जाण्याआधी तीन शब्द वेगळे करा. रेप्लिका म्हणजे दुकानात मिळते ती. मॅच-इश्यूड म्हणजे खेळाडूसाठी तयार झालेली, तिच्या बॅगेत असलेली, पण कदाचित अंगात न गेलेली. मॅच-वॉर्न म्हणजे घालून खेळलेली. एकेका खेळाडूला एकाहून जास्त जर्सी मिळतात आणि दोन डावांच्या मध्ये त्या बदलल्याही जातात. त्यामुळे ‘फायनलची’ एवढ्याने भागत नाही. फलंदाजीतली की क्षेत्ररक्षणातली, हेही विचारायचं. मॅराडोनाच्या १९८६ च्या फुटबॉल विश्वचषकातल्या जर्सीचा वाद नेमका यावरच झाला. इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने सामन्यानंतर ती बदलून घेतली होती, वर्षानुवर्षं ती संग्रहालयात होती, आणि २०२२ मध्ये लिलाव ठरल्यावर मॅराडोनाच्या घरच्यांनी ती गोल न झालेल्या पहिल्या अर्धातली असल्याचं सांगितलं. लिलाव करणाऱ्यांनी सामन्यातल्या फोटोंशी ती बारकाईने जुळवली, मग ती ७१ लाख पौंडांना गेली. तेवढ्या वस्तूलाही फोटो जुळवून दाखवावा लागला, तर तुमच्या विक्रेत्याने का दाखवू नये?

फोटो जुळवायचे म्हणजे हात, चेहरा पाहायचा नाही. शिवणी पाहायच्या. कापडावर छापील नक्षी किंवा पट्टा असेल, तर तो प्रत्येक नगावर शिवणीपाशी किंचित वेगळ्या जागी तुटतो, कारण कापड कापताना मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच. पाठीवरचा आकडा नक्षीच्या कुठल्या रेषेवर सुरू होतो, नावातलं पहिलं अक्षर कॉलरपासून किती खाली आहे, बाहीवरचा बिल्ला किती कललाय, कुठे धागा ओढला गेलाय, हे सामन्याच्या मोठ्या फोटोशी ताडायचं. किमान दोन खुणा स्वतंत्रपणे जुळायला हव्यात. मग जर्सी उलटी करा. काखेच्या शिवणीत आणि कॉलरच्या आत वाळलेल्या घामाचे फिकट कडे दिसतात, थरावर थर, कडेला वेडेवाकडे. नकली ‘वापरलेल्या’ जर्सीवर डाग बाहेरून लावलेला असतो. माती छातीवर मध्यभागी सुबक पसरलेली आणि कोपर, बगल मात्र कोरी करकरीत. डाइव्ह मारणाऱ्याच्या जर्सीवर असं होत नाही. धुऊन इस्त्री केलेली असेल तर घामाचा पुरावा गेला, मग सगळा भार फोटो आणि कागदांवर.

काही खोट्या मालाला खिशातल्या माहितीनेच पकडता येतं. आयसीसीच्या स्पर्धेत छातीवर मध्यभागी देशाचं नाव असतं, तिथे प्रायोजकाचं नाव मोठं छापलेलं असेल तर ती विश्वचषकाची जर्सी नव्हे. कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर पाठीवर नाव आणि नंबर ऑगस्ट २०१९ पासून आले, त्याआधीच्या ‘कसोटीतल्या’ नंबरवाल्या शर्टाकडे बघूही नका. भारतीय संघाचं किट २००६ पासून २०२० पर्यंत नाइकीचं होतं, आदिदासचं जून २०२३ पासून. मधल्या काळात एमपीएल आणि थोडे महिने किलर या कंपन्यांचं. तारीख आणि ठसा जुळत नसतील तर पुढचं बोलणं संपलं.

विक्रेत्याने स्वतः छापलेलं प्रमाणपत्र म्हणजे त्याचंच बोलणं जाड कागदावर. सहीची तपासणी करणाऱ्या संस्थेचं स्टिकर असलं तरी ते सहीपुरतं. सही खरी आणि जर्सी कधीच अंगात न गेलेली, हा सगळ्यात जास्त चालणारा माल आहे. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलने २००१ पासून तपासनीस नेमलेत, वस्तू मैदानातून निघताच तिच्यावर क्रमांकाचा होलोग्राम लागतो. किटबॅगेतून निघून चार हातांतून फिरलेल्या जर्सीला तसं काही नसेल, तर ते चार हात कोणाचे हे लेखी हवं. खेळाडूने कुणाला दिली, कधी, देतानाचा फोटो, मग पुढे कुणाला विकली. साखळीतली एक कडी ‘ओळखीतून मिळाली’ अशी असेल तर भाव मॅच-इश्यूडचा लावा, मॅच-वॉर्नचा नाही.

त्यामुळे रविवारची मुदत विसरा आणि त्याला लिहून कळवा की समोरचे, पाठचे, आतले, लेबलचे मोठे फोटो पाठवा. कुठल्या डावात घातली ते सांगा. जीएसटी बिलावर ‘मॅच-वॉर्न, २ नोव्हेंबर २०२५’ असे शब्द घाला आणि ३० दिवसांत फोटो जुळले नाहीत तर पूर्ण पैसे परत, हे त्याच बिलावर लिहा. रोखीने स्वस्त देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं कायद्यानेच बंद आहे. माझा अंदाज, या संदेशानंतर एकतर भाव खाली येईल किंवा उत्तर येणार नाही. दुसऱ्या कुणाला विकली तर विकू द्या.

पैशाची मांडणी अशी करा. उरणाऱ्या १२,५०० पैकी ९,००० रिकरिंगमध्ये टाका, येता बोनस पूर्ण त्याच खात्यात. २,६३,००० ची तूट त्याने साधारण १९ महिन्यांत भरते, पुढच्या दिवाळीचा बोनसही घातला तर त्याहून लवकर. उरलेले ३,५०० वेगळ्या बचत खात्यात, हौसेचे. वर्षाला ४२,००० होतात. त्यात फायनलची जर्सी येणार नाही, पण देशांतर्गत सामन्यातला, खेळाडूने स्वतः दिलेला शर्ट, ग्लोव्ह्ज, सराव टोपी येऊ शकते. या वस्तूंची साखळी बहुधा एकाच हाताची असते, शहानिशा सोपी जाते. तुम्ही राहता तिथून डी. वाय. पाटील हाकेच्या अंतरावर आहे. लेकीने स्वतः विचारून मिळवलेल्या टोपीची किंमत बाजारात काही नसेल, पण ती खरी आहे की नाही हा प्रश्न येणार नाही.

आणि एक वस्तू तुमच्याकडे आधीच आहे. ती स्कोरिंगची वही. तिच्यावर खर्च करा, जर्सीवर करणार होता त्याचा शंभरावा भागही लागणार नाही. पानं आधी स्कॅन करून घ्या. वही आम्लमुक्त कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या नाही, आम्लमुक्त खोक्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्या बदला. खाडीच्या हवेत जून ते सप्टेंबर कपाट बंद ठेवलं तर बुरशी येतेच, आणि कागदाला कसर लागते. डांबरगोळ्या नकोत. तिकिटाचा स्क्रीनशॉट फोनवर असेल, तर त्याची चांगल्या कागदावर प्रत काढून वहीत ठेवा. आतल्या पानावर लेकीच्या हाताने तारीख, स्टँड, कोण कुठे बसलं होतं हे लिहून घ्या.

पुढेमागे शर्ट घेतलातच तर फ्रेमवाल्याला दोन गोष्टी आधी बजावा. एमडीएफच्या पाठीवर डबल टेप किंवा फेव्हिकॉलने कापड चिकटवायचं नाही, शिवणीतून सुती दोऱ्याने टाके घालून आम्लमुक्त बोर्डावर बसवायचं. आणि साध्या काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं अॅक्रिलिक, कापडाला न टेकणारं, नाहीतर मार्करची सही काही वर्षांत तपकिरी पडते. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात तिथूनच ओल येते. धुवायचं नाही, ड्रायक्लीनही नाही.

विम्याचं थोडक्यात. भारत गृह रक्षा पॉलिसीत घरातल्या सामानाचं संरक्षण असतं, पण अशी मौल्यवान वस्तू ठरलेल्या किमतीवर वेगळी नोंदवावी लागते. साधी चोरी त्यात आपोआप येत नाही, घरफोडीचं कलम वेगळं घ्यावं लागतं. ४०-५० हजारांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप करू नका. फोटो, बिल आणि मिळाल्याची हकीकत लिहिलेला एक कागद लेकीला माहीत असलेल्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे तुमच्यामागे तिला ती वस्तू काय आहे हे कळेल आणि ठेवायची की द्यायची ते ती ठरवेल.