डॅशकॅमची वायर फ्यूज बॉक्समधून घ्यावी का? वॉरंटीचं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी पेट्रोल हॅचबॅक घेतलीत, डॅशकॅम बसवायचाय, पण सिगारेट लायटरच्या सॉकेटातून वायर लोंबकळत ठेवायची नाही. ॲक्सेसरीवाला म्हणतो, "फ्यूज बॉक्समधून डायरेक्ट देतो, दहा मिनिटांचं काम." शोरूमवाला म्हणतो, "वायरिंगला हात लावलात तर वॉरंटी गेली." पुढेमागे फॉग लॅम्पही लावायचेत. यात खरं कोणाचं?

दोघांचंही अर्धं अर्धं. माझं ऑटो इलेक्ट्रिकचंच काम आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची बडबड रोज ऐकतो. फ्यूज बॉक्समधून लाइन घेणं ही चांगलीच पद्धत आहे, पण ती दहा मिनिटांत होत नाही. दहा मिनिटांत जे होतं ते म्हणजे फ्यूज उपटायचा, त्याच्या पायाला उघडी तार गुंडाळायची आणि फ्यूज परत ठोकून बसवायचा. असं केलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. त्या तारेने स्लॉटची आतली पट्टी कायमची फाकते. मग मूळचा फ्यूजही सैल बसतो, सैल जागी गरम होतो आणि एक दिवस प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो.

आधी एक ठरवा: गाडी बंद असताना कॅमेरा चालू राहायला हवाय का? म्हणजे पार्किंग मोड. नको असेल तर काम निम्मं होतं, कारण इग्निशनसोबत चालू-बंद होणारी एकच लाइन लागते. हवा असेल तर कायम चालू असणारी दुसरी लाइनही लागते, आणि मग बॅटरीचा हिशेब करावा लागतो. तो खाली करून दाखवतो.

बाजारात 'हार्डवायर किट' म्हणून जी डबी मिळते ती १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करते. तिला सहसा तीन वायरी असतात: काळी अर्थची (म्हणजे मायनसची, गाडीच्या पत्र्याला जोडायची), लाल इग्निशनची, पिवळी कायमच्या प्लसची. रंगांवर फार विसंबू नका, काही कंपन्या लाल-पिवळा उलटा देतात. वायरीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचा. एसीसी लिहिलंय ती इग्निशनची, बॅट किंवा बी प्लस लिहिलंय ती कायमची.

सोबत घ्यायचा तो फ्यूज टॅप. दुकानात 'पिगीबॅक' म्हणा, लगेच कळतं. मूळ फ्यूजच्या जागी हा बसतो आणि त्याच्या पोटात दोन फ्यूज मावतात: पायांजवळच्या खाचेत गाडीचा मूळचा, वरच्या खाचेत तुमच्या वस्तूचा. घेताना एकच गोष्ट सांभाळा, फ्यूजचा साईज. मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो-टू, जुना मोठा एटीओ, असे प्रकार आहेत. मिनी आणि लो-प्रोफाइलची रुंदी सारखीच, फक्त पाय आखूड, त्यामुळे फोटो बघून मागवलेला टॅप हमखास चुकतो. गाडीतला एक फ्यूज काढून खिशात टाका आणि दुकानात जुळवून घ्या. व्होल्टेज-करंट मोजायचा मल्टीमीटर नसेल तर तोही घ्या. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. बल्बवाला टेस्ट लॅम्प नवीन गाडीत वापरू नका, तो करंट ओढतो, आणि एअरबॅगच्या लाइनला तो चुकून लागलेला परवडणार नाही.

आता कुठला फ्यूज पकडायचा? बहुतेक छोट्या गाड्यांत आतला बॉक्स ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डखाली असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये तक्ता असतो. इग्निशनच्या लाइनसाठी पॉवर सॉकेट, स्टिरिओ किंवा मागचा वायपर बरा. कायमच्या लाइनसाठी आतला दिवा किंवा सेंट्रल लॉकिंग. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा), ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पॉवर स्टेअरिंग, फ्युएल पंप, इमोबिलायझर (चोरीपासून बचावाचं लॉक) यांच्या वाटेला जायचंच नाही. मध्यंतरी एक गाडी आली होती, एअरबॅगचा दिवा कायम पेटलेला. कोणीतरी डॅशकॅम एअरबॅगच्याच फ्यूजवर टाकला होता. विचारलं तर म्हणे, "तिथे हात सहज पोचत होता."

तक्त्यात रिकामे स्लॉटही दिसतील. आत धातूची पट्टी असेल आणि मीटरला १२ व्होल्ट दाखवत असेल तर त्याहून चांगली जागा नाही, कारण गाडीच्या कुठल्याच सर्किटला हात लागत नाही. अशा वेळी टॅपची खालची खाच रिकामी ठेवायची, फक्त वरचा फ्यूज घालायचा.

यानंतरची गोष्ट नव्वद टक्के लोक बघत नाहीत: टॅप कुठल्या बाजूने घालायचा. स्लॉटमध्ये दोन पट्ट्या असतात, एकीवर बॅटरीकडून करंट येतो, दुसरीवरून तो पुढे जातो. टॅप सरळ बसला तर आलेला करंट आधी फुटतो, एक फाटा मूळ फ्यूजमधून गाडीकडे जातो आणि दुसरा तुमच्या फ्यूजमधून कॅमेऱ्याकडे. उलटा बसला तर दोघांचा मिळून करंट मूळ फ्यूजमधून जातो. कॅमेरा तसाही चालतो, म्हणून कोणाला कळत नाही. पण वस्तू मोठी असेल तर १० ॲम्पिअरच्या फ्यूजवर उगाच जादा भार पडतो, आणि तो उडाला की गाडीचं मूळ सर्किटही बंद.

तपासायला सोपं आहे. टॅप स्लॉटमध्ये घाला, खालच्या खाचेतला मूळ फ्यूज काढून ठेवा, वरचा राहू द्या. इग्निशन ऑन करा. टॅपच्या वायरीवर १२ व्होल्ट आले तर बाजू बरोबर. शून्य आलं तर टॅप फिरवून घाला. टॅपच्या आकारावरून अंदाज बांधत बसू नका, मीटर सांगेल ते खरं.

वरच्या खाचेत कितीचा फ्यूज? डॅशकॅम १२ व्होल्टच्या बाजूला अर्धा ॲम्पिअरही मुश्किलीने घेतो. २ किंवा ३ ॲम्पिअर पुरे, मिळाला नाही तर ५ चा, फिकट तपकिरी रंगाचा. "मोठा टाका, उडायची कटकट नको" असं कोणी म्हणालं तर दुकान बदला. फ्यूज असतो तो वायरीसाठी. कॅमेऱ्याची बारीक वायर पत्र्यात घासून शॉर्ट झाली आणि वर २० चा पिवळा फ्यूज असला, तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल.

अर्थ नीट द्या. काळ्या वायरीच्या टोकाला गोल थिंबल, म्हणजे धातूची कडी, दाबून बसवून (क्रिंप करून) पत्र्यात थेट घट्ट बसलेल्या १० एमएमच्या बोल्टखाली ती आवळायची. प्लॅस्टिकला धरलेला स्क्रू चालत नाही. रंग असेल तर तेवढाच खरवडा. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत, विशेषतः आयडल स्टार्ट-स्टॉपवाल्यांत (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या), बॅटरीच्या मायनसच्या टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. तो बॅटरीत किती गेलं, किती आलं याचा हिशेब ठेवतो. म्हणून अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला लावू नका, बॉडीला लावा, नाहीतर तुमच्या कॅमेऱ्याने खाल्लेला करंट त्याच्या हिशेबात येतच नाही.

वायर वर नेताना काचेच्या कडेचा खांब, म्हणजे ए-पिलर, जपून. आता स्वस्त गाड्यांतही सहा एअरबॅग येऊ लागल्यात आणि कर्टन एअरबॅगची (खिडक्यांवर पडद्यासारखी फुगणारी) गुंडाळी त्याच वाटेने जाते. वायर तिच्यावरून आडवी टाकली तर फुगताना ती वायरही झटक्यात बाहेर येईल. पिलरची पट्टी काढून वायर एअरबॅगच्या मागून न्या आणि गाडीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) कापडी टेपने बांधा. साधी इन्सुलेशन टेप नको. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे उभ्या गाडीत तिचा डिंक पातळ होतो आणि टेप सुटून लोंबते. याच कारणासाठी कॅमेराही लिथियम बॅटरीवाला न घेता सुपरकपॅसिटरवाला घ्या. उन्हात फुगलेल्या बॅटरीचे कॅमेरे बरेच पाहिलेत.

आता पार्किंग मोड. तुमच्या गाडीत साधारण ३५ एएचची (ॲम्पिअर-तासांची) बॅटरी असेल. कॅमेरा आणि किट मिळून ०.३ ते ०.४ ॲम्पिअर धरा. रात्रीचे बारा तास म्हणजे ४ ते ५ एएच, हे चालून जातं. शनिवार-रविवार गाडी हललीच नाही तर अठ्ठेचाळीस तासांत १४ ते १९ एएच, म्हणजे अर्धी बॅटरी. सोमवारी सकाळी सेल्फ मारलात की नुसती टकटक. किटमध्ये लो व्होल्टेज कटऑफ (बॅटरीचं व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की कॅमेरा बंद करणारा) असतो हे खरं, पण बऱ्याच किटवर तो ११.६ किंवा ११.८ वर लावून येतो. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असताना १२.६-१२.७ दाखवते, १२.२ ला निम्मी झालेली असते, आणि ११.८ ला तिच्यात काही उरलेलंच नसतं. म्हणजे किट बॅटरी वाचवतं, पण ती पार उतरल्यावर. कटऑफ १२.२ किंवा त्याहून वर ठेवता येत असेल तरच पार्किंग मोड घ्या. आणि ऑफिस पाच किलोमीटरवर असेल, तेही ट्रॅफिकमध्ये, तर मी तुम्हाला तो घेऊच नका म्हणेन. एवढ्याशा फेरीत अल्टरनेटर रात्रीचं गेलेलं भरून काढत नाही. बंगल्याच्या आत गेट लावून गाडी उभी करणारे लोक पार्किंग मोड मागतात, तेव्हा मी सरळ विचारतो, "रेकॉर्ड कोणाला करणार?"

काम झाल्यावर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. नव्या गाड्यांत लॉक केल्यावरही काही लाइनी बराच वेळ जाग्या राहतात. तुम्हाला वाटतं ही कायमची लाइन आहे, आणि वीस मिनिटांनी ती झोपते. मग मायनसची वायर काढून मीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर मध्ये लावा. कॅमेरा बंद असताना २० ते ५० मिलीॲम्पिअरच्या आत दिसलं तर ठीक. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

वॉरंटीबद्दल: एक डॅशकॅम लावला म्हणून अख्ख्या गाडीची वॉरंटी जाते हे शोरूमवाल्याचं भीती घालणं आहे. बाहेरच्या फिटिंगमुळे झालेला बिघाड भरून देणार नाही, अशा अर्थाचं कलम मात्र वॉरंटीच्या पुस्तिकेत असतं, आणि उद्या डॅशबोर्डच्या वायरिंगमध्ये काही झालं तर शोरूमवाले बोट तुमच्या जोडणीकडेच दाखवणार. म्हणून मूळ वायर कापायची नाही, सोलायची नाही, वायर चावून धरणारे ते निळे-लाल क्लिप लावायचे नाहीत. टॅप उपटला, बोल्ट सोडवला की गाडी होती तशी. हार्नेसला एकदा पाते लागलं की ते लपत नाही. तेवढीही जोखीम नको असेल तर शोरूममधून कंपनीच्या ॲक्सेसरीतला कॅमेरा बिलासकट बसवून घ्या, महाग पडेल. विम्याचंही बघा: मागाहून बसवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू पॉलिसीत आपोआप येत नाही, त्यासाठी आयएमटी २४ नावाचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कलम, असतं. तीन-चार हजारांच्या कॅमेऱ्यासाठी कोणी घेत नाही, मोठी साउंड सिस्टीम लावणार असाल तर घ्या.

राहिले फॉग लॅम्प. ते टॅपवरून चालवायचे नाहीत. ५५ वॉटचे दोन म्हणजे ११० वॉट, नऊ ॲम्पिअरच्या आसपास, आणि टॅपची वायर जेमतेम दहाची असते. त्यासाठी चार पायांचा रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच: ३० नंबरला बॅटरीचा प्लस, मध्ये बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ ॲम्पिअरचा फ्यूज, ८७ वरून लॅम्पला, ८५ अर्थला, आणि ८६ ला स्विचमधून आलेली बारीक लाइन. ती बारीक लाइन मात्र फ्यूज बॉक्समधल्या टॅपवरून खुशाल घ्या, रिलेची कॉइल जेमतेम दीडशे मिलीॲम्पिअर खाते. काही गाड्यांत वरच्या मॉडेलसाठीचा फॉग लॅम्पचा कप्लर (वायरींचा जोडणीचा प्लग) खालच्या मॉडेलच्याही बंपरमागे तयार असतो, तेव्हा नवीन वायरिंग ओढण्याआधी बंपरखाली वाकून एकदा बघा. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणाचा फोटो टाकलात तर कुठला स्लॉट घ्यायचा ते सांगतो.