मगातून गोळा सुटला तसाच टाकीवरचा पट्टाही सुटला

गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या तड्यावर फायबरचा पट्टा मारलात, तो पंधरा दिवसांत सालीसारखा सुटला, आणि उरलेलं रेझिन (काचेच्या धाग्यांना धरून ठेवणारं चिकट द्रव) आंघोळीच्या मगातच धूर सोडून दगड झालं, असं तुम्ही लिहिलंय. मगाला उलटं केलंत तेव्हा तो दगड अख्खा बाहेर पडला असेल, बघा. पट्टा सुटण्याचं कारणही तेच: असल्या प्लास्टिकला रेझिन धरत नाही.

ही काळी टाकी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला पॉलिस्टर रेझिन चिकटत नाही. पॉलिशपेपर मारा, कानस मारा, फार फरक पडत नाही. इपॉक्सीचंही जवळपास तेच. ओळखायची सोपी खूण म्हणजे टाकीचा छोटा कपचा काढून पाण्यात टाका. पॉलिथिन तरंगतं, फायबर बुडतं. फायबरच्या तुटलेल्या कडेला काचेचे धागेही दिसतात. तुमच्या टाकीला गरम हवेने प्लास्टिक वेल्डिंग करणारा माणूस शोधा, त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून तडा भरतात. तडा तळाशी असेल तर मात्र मी टाकीच बदलेन.

आता मगातला धूर. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव, पडला की रेझिन स्वतःच तापतं. पातळ थर असेल तर उष्णता निघून जाते, मगात ती कोंडते, त्यामुळे आणखी भराभर घट्ट होतं आणि आणखी तापतं. पसरट ट्रे घ्या, एका वेळी पाव किलोच कालवा. एक किलोला हार्डनर साधारण १० ते २० ग्रॅम. उन्हाळ्याच्या दुपारी कमीकडे राहा. मीही पहिल्यांदा ‘लवकर वाळू दे’ म्हणून अंदाजाने ओतला होता आणि ब्रशसकट सगळं फेकलं होतं.

दुकानदार कधी कधी तीन बाटल्या देतो: रेझिन, घट्ट होण्याचा वेग वाढवणारा जांभळा कोबाल्ट आणि पाण्यासारखा हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. शक्यतो कोबाल्ट घातलेलंच रेझिन मागा, ही भानगडच नको. आणि चष्मा घाला. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे.

उरलेली मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, वाया जाणार नाही. फायबरचा बाथरूमचा दरवाजा किंवा फायबरचा पन्हळी पत्रा असेल तर तिथे ती मस्त बसते. तड्याभोवती दोन-तीन इंच घासून चमक घालवा, ॲसिटोनने पुसा. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडा, म्हणजे कडा जुन्या भागात मिसळते. मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन धरा. ब्रश ओढू नका, टिपत जा, पांढरे ठिपके दिसेनासे होईपर्यंत. ४५० ग्रॅमच्या (एका चौरस मीटरचं वजन) मॅटचा एक थर सुमारे एक मिलिमीटर होतो, असे दोन पुरतात. थर्माकोलचा आधार मात्र देऊ नका, रेझिन तो खाऊन टाकतं.

पावसाळ्यात ओलसर पत्र्यावर हे काम काढू नका, थांबा. पत्र्यावर शेवटी रंग मारा, नाहीतर उन्हाने वरचं रेझिन झिजून धागे उघडे पडतात आणि हात लावला की खाज सुटते. सुटलीच तर आधी थंड पाण्याने धुवा, चोळू नका.