अडीच वर्षांचा मुलगा खेळणी कुणालाच देत नाही, जबरदस्तीने शेअर करायला लावायचं का?

नको, हातातून ओढून तर अजिबात देऊ नका, या वयात "माझं" म्हणजे काय ते नुकतंच कळायला लागलेलं असतं आणि दिलेली वस्तू परत मिळेल हे अजून पटत नाही, त्याला हावरटपणा म्हणू नका प्लीज. मी मालवणजवळ अंगणवाडीत आहे, वाळूत खेळताना रोज बघते, "दे त्याला" म्हटलं की करवंटी पोटाशी अजून घट्ट धरतात, पण "तुझं झालं की दे हां" म्हटलं की बऱ्याचदा थोड्या वेळाने स्वतःच नेऊन देतात. गणपतीला मुंबईची भावंडं येणार असतील तर त्याची लाडकी एक-दोन खेळणी त्याला विचारूनच आधी कपाटात ठेवा, बाकीची सगळ्यांची. फक्त मारत किंवा चावत असेल तर मात्र लगेच हात धरून थांबवा.