सुपरपॉवर असलेल्या टीनएजर्सच्या फँटसीत तेच तेच साचे का दिसतात?

कारण या गोष्टींतली शक्ती म्हणजे बहुतेक वेळा वयात येणंच असतं. शरीर ऐकेनासं होतं, राग आवरत नाही, घरच्यांपासून काहीतरी लपवावं लागतं. म्हणून तो नेहमीचा प्रसंग: मुलगी रागाने दार ओढते, मूठ उखडून हातात येते, आतून आई विचारते ‘काय पडलं गं?’ आणि ही ती मूठ पाठीमागे लपवून ‘काही नाही’ म्हणते. हा प्रसंग शंभरदा वाचला तरी मला भिडतो.

कॉमिक्समध्ये पूर्वी या वयाची मुलं बहुधा मोठ्या हीरोची मदतनीस असत. १९६२ साली आलेला स्पायडरमॅन मात्र स्वतःच नायक होता. शाळेत एकटा पडलेला, काकांच्या मृत्यूची बोच घेऊन जगणारा. १९६३ मध्ये एक्स-मेन आले आणि वेगळ्या मुलांची खास शाळा हा साचाही रुळला.

अनाथ नायक, भविष्यवाणी, मधेच मरणारा गुरू हे त्याच पठडीतले. आईवडील बाजूला केल्याशिवाय मुलाला जिवावरचे निर्णय घेता येत नाहीत, ही लेखकाची खरी अडचण आहे. पण गुरूचा मृत्यू आता फारच सरावाने येतो, त्याचं दुःख पुढच्या प्रकरणात विरून जातं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शक्ती नसलेला जिवलग मित्र. गुपित त्याला सर्वात आधी कळतं, आणि मागे राहण्याचं दुःखही त्याच्याच वाट्याला येतं. त्याच्या बाजूने लिहिलेल्या गोष्टी अजून हव्यात.