पाकिटातल्या तेलकट चिप्सऐवजी कुरकुरीत काय खावे?

तुम्ही विचारले आहे की, काम संपल्यावर चिप्सचे पाकीट फोडल्याशिवाय राहवत नाही, त्याऐवजी फळे आणि कच्च्या भाज्या खाऊन पाहिल्या तरी समाधान होत नाही आणि 'बेक्ड' किंवा 'मल्टिग्रेन' असे लिहिलेली पाकिटे खरोखर बरी असतात का हे कळत नाही. मग चांगला पर्याय कोणता? भाज्यांनी समाधान होत नाही यात तुमच्या निग्रहाचा काही दोष नाही. काकडी किंवा गाजर करकरीत लागते ते त्याच्या पेशींमध्ये पाणी गच्च भरलेले असते म्हणून, आणि चिप्स कुरकुरीत लागतात ते त्यांच्यातले जवळजवळ सगळे पाणी निघून गेलेले असते म्हणून. एकाची भूक दुसऱ्याने भागत नाही. म्हणून पर्याय शोधताना पहिला निकष कोरड्या कुरकुरीतपणाचाच ठेवावा आणि त्यानंतर तेल, मीठ व तंतू यांचा हिशेब करावा, असे माझे ठाम मत आहे.

कच्च्या बटाट्यात वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असते. त्याचे अगदी पातळ काप १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात पडले की पाणी वाफ होऊन वेगाने बाहेर पडते, स्टार्चच्या भिंती कडक होतात आणि शेवटी जेमतेम २ टक्के पाणी उरते. पाण्याच्या जागी जी सूक्ष्म पोकळी तयार होते तिच्यात तेल शिरते, आणि त्यातले पुष्कळसे तेल काप कढईत असताना नव्हे, तर बाहेर काढल्यावर निवताना आत ओढले जाते. त्यामुळे १०० ग्रॅम चिप्समध्ये साधारण ३० ते ३५ ग्रॅम तेल आणि ५३० ते ५५० किलोकॅलरी असतात. यातून लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की कुरकुरीतपणा तेलाने येत नाही, पाणी गेल्याने येतो. तेल हे फक्त पाणी झटपट घालवण्याचे एक साधन आहे. तेच काम गरम हवा, कोरडा तवा किंवा दाण्याच्या आत कोंडलेली वाफ यांनीही होते, फक्त थोडा अधिक वेळ आणि थोडे अधिक लक्ष द्यावे लागते.

आवाजाचाही यात मोठा वाटा आहे. मॅसिमिलियानो झांपिनी आणि चार्ल्स स्पेन्स या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना चिप्स चावायला दिले आणि चावण्याचा आवाज त्यांना हेडफोनमधून ऐकवला. तो आवाज मोठा केला किंवा त्यातले उच्च स्वर वाढवले की तेच चिप्स अधिक कुरकुरीत आणि ताजे वाटत होते. म्हणून पर्यायी पदार्थ सादळलेला असेल तर तो कितीही पौष्टिक असला तरी दोन दिवसांत कपाटात मागे सारला जातो. घरी केलेला कोणताही कुरकुरीत पदार्थ पूर्ण निवल्यावरच हवाबंद डब्यात भरावा, कारण कोमट असताना झाकण लावले तर त्याचीच वाफ त्याला मऊ करते. आणि सादळलाच तर तो पाच-सात मिनिटे मंद ओव्हनमध्ये किंवा कोरड्या कढईत पुन्हा गरम करून घ्यावा.

प्रत्यक्ष पर्यायांमध्ये मी पॉपकॉर्नला सर्वांत वरचे स्थान देते. मक्याच्या ज्या जातीपासून पॉपकॉर्न होतो तिच्या दाण्यात सुमारे १४ टक्के ओलावा आणि बाहेर घट्ट, अखंड टरफल असते. दाणा १८० अंशांच्या आसपास तापला की आतल्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट होतो, टरफल फुटते आणि मऊ झालेला स्टार्च फेसासारखा फुलून क्षणात कडक होतो. म्हणजे पाणी घालवण्याचे काम इथे दाणा स्वतःच करतो, त्याला तेलाची मुळात गरज नसते. नुसत्या गरम हवेवर फुलवलेल्या १०० ग्रॅम पॉपकॉर्नमध्ये सुमारे ३८५ किलोकॅलरी, ४ ते ५ ग्रॅम स्निग्धांश आणि १४ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. शिवाय तो इतका हलका असतो की एका कपात जेमतेम ८ ग्रॅम मावतो. मोठा वाडगाभर, म्हणजे चार कप पॉपकॉर्न खाल्ला तरी पोटात सव्वाशेच्या आसपास किलोकॅलरी जातात, तर चिप्सच्या एका लहान मुठीतच, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, दीडशेहून अधिक असतात. ज्यांना भरपूर वेळ काहीतरी तोंडात टाकत राहायला आवडते त्यांच्यासाठी याहून सोयीचे काही मला तरी ठाऊक नाही. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल आणि तळ झाकेल इतके दाणे घालून मध्यम आचेवर ठेवावे व झाकण किंचित कलते ठेवावे, म्हणजे वाफ बाहेर जाते आणि लाह्या चिवट होत नाहीत. कोरडे दाणे मात्र हवाबंद बरणीतच ठेवावेत, कारण त्यांच्यातला ओलावा उडून गेला की ते फुलत नाहीत. चित्रपटगृहातला किंवा मायक्रोवेव्हच्या तयार पिशवीतला, तेलामिठाने माखलेला पॉपकॉर्न हा वेगळा पदार्थ समजावा. वरचे आकडे त्याला लागू नाहीत.

दुसरा पर्याय भाजलेल्या काबुली चण्यांचा. चिप्स खाल्ल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागते अशी ज्यांची तक्रार असते, त्यांना मी पॉपकॉर्नऐवजी चणेच सुचवते, कारण कोरड्या चण्यात सुमारे २० टक्के प्रथिने आणि भरपूर तंतू असतात, आणि ते सावकाश, दाताखाली फोडून खावे लागतात. भिजवून शिजवलेले चणे निथळून स्वच्छ कापडावर पसरावेत आणि हाताला अजिबात ओल लागणार नाही इतके कोरडे करावेत. या कृतीचे यश याच पायरीवर अवलंबून आहे आणि घाईत हीच पायरी बहुधा गाळली जाते. त्यांना अगदी थोडे तेल चोळून २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ३० ते ४० मिनिटे, अधूनमधून हलवत भाजावे. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडे ठेवावे आणि चणे आतच निवू द्यावेत, म्हणजे राहिलेला ओलावा निघून जातो. मसाला भाजल्यानंतर, चणे गरम असतानाच लावावा. आधी लावला तर तो करपून कडू होतो. एअर फ्रायरमध्ये हेच काम निम्म्या वेळात होते, कारण ते यंत्र म्हणजे जोरदार पंखा बसवलेला लहान ओव्हनच असतो. असे चणे दुसऱ्या दिवशी थोडे मऊ पडतात, कारण दाण्याच्या मध्यभागी उरलेली ओल हळूहळू बाहेर सरकते. म्हणून एका वेळी थोडेच करावेत.

बदाम, शेंगदाणे, अक्रोड यांच्याबद्दल लोक एक तर घाबरतात किंवा मुळीच मोजमाप ठेवत नाहीत. त्यांच्यात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक स्निग्धांश असतो आणि १०० ग्रॅममध्ये सहाशेच्या आगेमागे किलोकॅलरी असतात, म्हणजे आकड्यांत ते चिप्सपेक्षा कमी नाहीत. फरक असा की हा स्निग्धांश बहुतांशी असंतृप्त, म्हणजे आरोग्याला तुलनेने बरा मानला जाणारा असतो, सोबत प्रथिने व तंतू येतात, आणि चावल्यानंतरही अनेक पेशी अखंड राहिल्यामुळे त्यातले काही तेल शरीरात शोषलेच जात नाही. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत २८ ग्रॅम बदामांपासून शरीराला १२९ किलोकॅलरी मिळाल्या, तर नेहमीच्या गणिताने तो आकडा सुमारे १७० येतो. तरीही मूठभर, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, ही मर्यादा योग्य आहे. ते तेलाविना, १५० अंशांवर मंद भाजून ठेवावेत. कुबट वास येणारे किंवा काळपट पडलेले शेंगदाणे सरळ टाकून द्यावेत. बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पुरते नष्ट होत नाही.

बटाट्याची चवच हवी असेल तर तीही सोडण्याचे कारण नाही. बटाट्याचे अगदी पातळ काप करून थंड पाण्यात ठेवावेत, दोनदा धुवावेत, कोरडे पुसावेत आणि मायक्रोवेव्हमध्ये ताटलीवर, एकावर एक येणार नाहीत असे मांडून, मध्येच उलटत कडक होईपर्यंत फिरवावेत. तेलाचा थेंबही न घालता उत्तम चिप्स होतात. एका वेळी थोडेच होतात, पण माझ्या दृष्टीने तो फायदाच आहे. इथे एक काळजी घ्यायची ती रंगाची. १२० अंशांच्या वर तापलेल्या स्टार्चयुक्त पदार्थांत अ‍ॅस्पॅरजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्या संयोगातून अ‍ॅक्रिलामाइड नावाचे रसायन तयार होते. अशा पदार्थांत ते आढळते हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली जाहीर केले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या रसायनाला १९९४ पासूनच 'मानवात बहुधा कर्करोग निर्माण करणारे' या गटात ठेवलेले आहे. काप जितके तपकिरी, तितके ते अधिक. म्हणून फिकट सोनेरी रंगावर थांबावे, काप आधी धुवावेत म्हणजे वरची साखर निघून जाते, आणि भाजण्याचे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. बीट, गाजर आणि रताळे यांत साखर मुळातच अधिक असल्याने ते लवकर करपतात; त्यांना कमी तापमान आणि अधिक वेळ द्यावा.

यावरून दुकानातल्या 'भाज्यांच्या चिप्स'चे काय, हेही उघड होते. बीटाचे काप तळले तर तेही बटाट्याच्या कापांइतकेच तेल पितात. भाज्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पोकळ कांड्या तर बहुधा बटाट्याचे पीठ आणि स्टार्च यांच्याच असतात, भाजीची पूड रंगापुरती असते. फुगवलेले कुरकुरीत तुकडे यंत्रात दाबाखाली फुलवलेले असतात, पुष्कळदा तळलेले नसतात हे खरे, पण बाहेर आल्यावर त्यांच्यावर तेल आणि मसाला फवारला जातो. 'बेक्ड' चिप्समध्ये तेल खरोखर बरेच कमी असते, मात्र ते पुष्कळदा बटाट्याच्या पिठापासून साखर व स्टार्च घालून बनवलेले असतात आणि मीठ नेहमीच्या चिप्सइतकेच असू शकते. 'मल्टिग्रेन'चा अर्थ अनेक धान्ये इतकाच आहे, ती अख्खी आहेत असे त्यातून ठरत नाही. चव तीच आणि त्रास शून्य असे काही शोधण्याच्या हव्यासातून अमेरिकेत १९९६ साली ओलेस्ट्रा नावाच्या, शरीरात न पचणाऱ्या कृत्रिम स्निग्धाला चिप्ससारख्या पदार्थांत वापरण्याची परवानगी मिळाली होती. ते अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यात अडथळा आणत असल्याने ती वरून घालावी लागत. तो मार्ग मला कधीच पटलेला नाही.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवरचे शब्द वाचण्याऐवजी मागचा तक्ता वाचावा, आणि तोही 'एका सर्व्हिंग'चा नव्हे तर १०० ग्रॅमचा, कारण सर्व्हिंगचा आकार अनेक देशांत उत्पादक आपल्या सोयीने ठरवू शकतो. ब्रिटनमधल्या रंगीत लेबलांचे निकष लक्षात ठेवायला सोपे आहेत: १०० ग्रॅममध्ये १७.५ ग्रॅमहून अधिक स्निग्धांश किंवा १.५ ग्रॅमहून अधिक मीठ असेल तर ते प्रमाण जास्त मानले जाते, आणि ३ ग्रॅमपर्यंत स्निग्धांश किंवा ०.३ ग्रॅमपर्यंत मीठ हे कमी. मिठाऐवजी सोडियमचा आकडा दिलेला असेल तर त्याला अडीचने गुणावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, आणि त्यात जेवणातले मीठही आले.

घरच्या पदार्थात मीठ कमी करायचे तर ते अगदी बारीक दळून, शेवटी, वरून भुरभुरावे. जिभेला प्रथम वरचेच मीठ लागत असल्याने कमी मीठही पुरेसे खारट वाटते. मिरपूड, तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसणाची पूड आणि वाळवलेल्या लिंबाच्या सालीची पूड यांची जोड दिली की मिठाची उणीव आणखी कमी भासते. लिंबाचा रस मात्र आधी पिळून ठेवू नये. त्याने पदार्थ सादळतो.

खाण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्यायला हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या चमूने २० प्रौढांवर केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येकाला दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न हवे तेवढे खाण्याची मुभा होती, आणि दोन्ही आहारांत वाढलेल्या अन्नातली साखर, स्निग्धांश, मीठ व तंतू जुळते ठेवले होते. तरीही पहिल्या आहारावर लोकांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाल्ल्या, आणि ते अधिक वेगानेही खात होते. म्हणूनच दाताला काम देणारा पदार्थ मी पसंत करते, आणि तो डब्यातून किंवा पिशवीतून न खाता वाडग्यात काढून घेऊन खाते. चिप्स एकदम बंद करण्याची सक्ती स्वतःवर करू नका. सुरुवातीला वाडग्यात अर्धे चिप्स आणि अर्धे भाजलेले चणे घेतले तरी चालेल, हळूहळू चण्यांचा वाटा वाढवता येतो. घरात चार वर्षांखालील मूल असेल तर मात्र पॉपकॉर्न, अख्खे दाणे आणि कडक चणे त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. आणि तुमच्या दाताला भेग असेल किंवा नुकतेच काही बसवले असेल तर कडक चण्यांऐवजी मायक्रोवेव्हमधल्या पातळ कापांपासून सुरुवात करा.